मुंबई ते लंडन : अंतर किती आणि वेळ किती?

(द्वितीय वर्ष कला, भूगोल)

भूगोलाच्या तासाला 'अंतर' हा शब्द आपण इतक्या वेळा ऐकतो की त्याचा अर्थ आपल्याला ठाऊक आहे, असे आपण धरूनच चालतो. दोन ठिकाणे, त्यांच्यामध्ये एक रेषा आणि त्या रेषेची किलोमीटरमधील लांबी, म्हणजे अंतर. ही व्याख्या चुकीची नाही. पण अपुरी आहे. आमच्या गावात अजूनही कुणी अंतर किलोमीटरमध्ये सांगत नाही. 'एका विड्याची वाट', 'पहिल्या एस. टी.ने गेलात तर दुपारपर्यंत' असे सांगतात. म्हणजे अंतर सांगायचे ते वेळेत. आकाशातून जाणाऱ्या विमानाच्या बाबतीत या दोन मापांचा एकमेकांशी संबंध काय, हे पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी मुंबई आणि लंडन ही दोन शहरे घेतली आहेत. कारण या मार्गाचा इतिहास जुना आहे, त्यावर निसर्गाचा आणि राजकारणाचाही हात फिरलेला आहे, आणि आमच्या घराचाही त्याच्याशी थोडा संबंध आला आहे. तो पुढे ओघाने येईलच.

विषय अर्थशास्त्राच्या वा मराठीच्या विद्यार्थ्यांनाही समजावा म्हणून गणित शक्य तितके सोपे ठेवले आहे. ज्यांना आकड्यांचा कंटाळा आहे, त्यांनी कृपया पहिले दोन भाग तेवढे धीराने वाचावेत.

१. सूत आणि पृथ्वीगोल

मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ सुमारे १९ अंश ५ मिनिटे उत्तर अक्षांश व ७२ अंश ५२ मिनिटे पूर्व रेखांशावर आहे. लंडनचा हीथ्रो विमानतळ सुमारे ५१ अंश २८ मिनिटे उत्तर अक्षांशावर व ग्रीनिचच्या किंचित पश्चिमेस, ० अंश २७ मिनिटे पश्चिम रेखांशावर आहे. या दोन बिंदूंमधील सर्वांत जवळची वाट कोणती?

भिंतीवरच्या नकाशावर फूटपट्टी ठेवून सरळ रेघ मारणे, हे उत्तर मनात प्रथम येते. पण नकाशा सपाट आणि पृथ्वी गोल. शाळा-कॉलेजात नेहमी दिसणाऱ्या मर्केटर नकाशात सर्व रेखावृत्ते एकमेकांना समांतर काढलेली असतात. प्रत्यक्षात ती ध्रुवाकडे जाताना जवळ येत जातात. एका अंशाचे रेखांशीय अंतर विषुववृत्तावर सुमारे १११ किलोमीटर असते. मुंबईच्या अक्षांशावर ते सुमारे १०५ किलोमीटर होते आणि लंडनच्या अक्षांशावर केवळ ६९ किलोमीटरच्या आसपास उरते. नकाशा मात्र या तिन्ही ठिकाणी सारखीच रुंदी दाखवतो. त्यामुळे उत्तरेकडची वाट प्रत्यक्षात आखूड असूनही नकाशावर लांब दिसते.

यावर उपाय अगदी सोपा आहे. भूगोल विभागात असलेल्या पृथ्वीगोलावर एक सुताचा दोरा घ्यावा, एक टोक मुंबईवर व दुसरे लंडनवर धरून तो ताणावा. ताणलेला दोरा आपोआप सर्वांत आखूड वाटेवर बसतो. या वाटेला बृहद्वृत्ताचा कंस म्हणतात. पृथ्वीच्या मध्यातून जाणाऱ्या पातळीने पृथ्वी कापली तर पृष्ठभागावर जे वर्तुळ उमटते ते बृहद्वृत्त. विषुववृत्त हे बृहद्वृत्त आहे. मुंबईचे अक्षवृत्त मात्र नाही, कारण त्याची पातळी पृथ्वीच्या मध्यातून जात नाही.

आमच्या विभागातील गोलाचा विषुववृत्तावरील परीघ दोऱ्याने मोजला तर तो ९६ सेंटिमीटर भरतो. पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर, म्हणजे गोलावरचा १ सेंटिमीटर हा सुमारे ४१७ किलोमीटर झाला. मुंबई ते लंडन दोरा १७ सेंटिमीटरच्या वर दोन-तीन मिलिमीटर भरतो. गुणाकार केला की उत्तर ७,२०० किलोमीटरच्या आसपास येते.

त्रिकोणमितीच्या सूत्राने हेच तपासता येते. दोन्ही विमानतळांपासून पृथ्वीच्या केंद्राकडे रेषा काढल्या तर त्यांच्यातील कोन सुमारे ६४.९ अंशांचा निघतो. एका अंशाला १११.२ किलोमीटर धरले तर अंतर सुमारे ७,२१७ किलोमीटर येते. नाविक व वैमानिक ज्या सागरी मैलात हिशोब करतात, त्याची गंमत येथे कळते. एका अंशाच्या साठाव्या भागाला, म्हणजे एका मिनिटाला, एक सागरी मैल असे ते माप मूळ ठरले. त्यामुळे ६४.९ ला ६० ने गुणले की झाले : सुमारे ३,८९४ सागरी मैल. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. तात्पर्य, दोरा, सूत्र आणि सागरी मैल या तिन्ही वाटांनी आपण ७,२०० किलोमीटरपाशीच येतो. यापुढे हाच आकडा वापरू.

आता मर्केटर नकाशावरील 'सरळ' रेघेची प्रत्यक्ष लांबी काढली तर ती सुमारे ७,४०० किलोमीटर येते. म्हणजे जी रेघ सरळ दिसते ती प्रत्यक्षात २०० किलोमीटर लांबची, आणि जी धनुष्यासारखी उत्तरेकडे वाकलेली दिसते तीच खरी जवळची. नकाशातल्या रेघेप्रमाणे जायचे तर विमानाला मुंबईहून निघताना उत्तर दिशेपासून पश्चिमेकडे सुमारे ६१ अंश वळावे लागेल. जवळच्या वाटेने जायचे तर केवळ ४१ अंश.

२. दोऱ्याखालचा प्रदेश

दोरा ताणलेला तसाच ठेवून त्याच्याखाली कोणते देश येतात ते पाहावे. मुंबईहून निघालेली ही रेषा सौराष्ट्रावरून अरबी समुद्राच्या कडेने कराचीच्या अगदी जवळून जाते. तिथे एकूण वाटेचा आठवा हिस्सा संपतो. पुढे बलुचिस्तान, पूर्व इराण, कास्पियन समुद्राचा दक्षिण कोपरा, मग अझरबैजान. बरोबर अर्धी वाट आर्मेनिया आणि जॉर्जियाच्या सीमेजवळ पुरी होते. मुंबई आणि लंडन यांचा मध्यबिंदू कॉकेशस पर्वताच्या प्रदेशात आहे, ही गोष्ट सपाट नकाशाकडे पाहून कुणाच्याही ध्यानात येणार नाही. तेथून काळा समुद्र, युक्रेन, पोलंड-झेक सरहद्दीचा प्रदेश, जर्मनी आणि शेवटी समुद्राची चिंचोळी पट्टी ओलांडली की इंग्लंड.

ही नावे वाचताना वाचकांच्या मनात एक शंका आलीच असेल. तिच्याकडे पाचव्या भागात वळू.

३. साध्या भागाकाराने वेळ का निघत नाही?

आजची मोठी प्रवासी विमाने १० ते १२ किलोमीटर उंचीवरून ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने उडतात. ७,२०० ला ९०० ने भागले तर उत्तर बरोबर ८ तास येते. पण वेळापत्रकात मुंबईहून लंडनला थेट जाण्यास साधारणपणे साडेनऊ ते दहा तास दिलेले असतात आणि लंडनहून मुंबईस येण्यास सुमारे नऊ तास. येथे दोन प्रश्न उभे राहतात. आठाचे नऊ-दहा कसे झाले? आणि जाण्या-येण्याचे अंतर तेच असताना वेळ वेगळा का?

पहिल्या प्रश्नाचे काही उत्तर जमिनीवरच आहे. विमान आपल्या थांब्यावरून हलले की वेळ मोजायला सुरुवात होते आणि दुसऱ्या विमानतळावर थांब्यावर उभे राहिले की संपते. धावपट्टीपर्यंत सरपटत जाणे, आपली पाळी येण्याची वाट पाहणे, वर चढणे, खाली उतरणे, गर्दी असेल तर आकाशात घिरट्या घालणे, हे सारे त्यात आले. चढताना आणि उतरताना वेगही पूर्ण नसतो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर वाऱ्यात आहे. ताशी ९०० किलोमीटर हा विमानाचा हवेतील वेग होय, जमिनीवरील नव्हे. कऱ्हाडच्या प्रीतिसंगमाजवळ वाहत्या पाण्यात पोहणारा मनुष्य ज्या दमाने हात मारतो तो दम तोच राहतो. पण धारेबरोबर जाताना काठावरची झाडे भराभर मागे पडतात आणि धारेविरुद्ध येताना तीच झाडे हलायला तयार नसतात. विमानाचेही तसेच. ज्या उंचीवर ते उडते, त्या उंचीवर मध्य अक्षांशांत पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वाऱ्यांचे पट्टे असतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. जपानी शास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून या वाऱ्यांची मोजणी केली होती. आपले निष्कर्ष जगाला कळावेत म्हणून त्यांनी ते एस्पेरान्तो या कृत्रिम भाषेत प्रसिद्ध केले, आणि बहुतेक जगाने ते वाचलेच नाहीत! दुसऱ्या महायुद्धात उंचावरून उडणाऱ्या अमेरिकन बॉम्बफेकी विमानांना जपानवर या वाऱ्यांचा तडाखा बसला, तेव्हा त्यांचे महत्त्व सर्वांना कळले.

हिवाळ्यात हे प्रवाह जोरदार असतात आणि दक्षिणेकडे सरकून उत्तर भारतावरूनही वाहतात. पावसाळ्यात ते उत्तरेकडे हटतात आणि दक्षिण भारतावर उलट, पूर्वेकडून वाहणारा वेगळा जेट प्रवाह येतो. मुंबई-लंडन वाटेचा बहुतेक भाग २५ अंश उत्तरेच्या वर असल्याने एकंदरीत पश्चिमेच्या वाऱ्याचाच प्रभाव राहतो. म्हणून लंडनला जाणे वाऱ्याच्या तोंडावर आणि येणे वाऱ्याच्या पाठबळावर.

कुणी म्हणेल, जाताना जे गमावले ते येताना मिळाले, हिशोब फिटला. तसे होत नाही. उदाहरणादाखल ताशी १०० किलोमीटरचा वारा सबंध वाटेवर सारखा आहे असे धरू. जाताना जमिनीवरील वेग ८००, म्हणजे ९ तास. येताना वेग १,०००, म्हणजे ७ तास १२ मिनिटे. एकूण १६ तास १२ मिनिटे. वारा नसता तर १६ तास. बारा मिनिटांचा तोटा राहिलाच. कारण उघड आहे : अडवणारा वारा आपल्याला जास्त वेळ अडवतो आणि मदत करणारा वारा कमी वेळ मदत करतो. हा केवळ विमानाचा नियम नाही, असे मला वाटते. पण ते तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांवर सोपवू.

४. घड्याळाचा घोटाळा

आता वेळेच्या दुसऱ्या बाजूकडे वळू. समजा, हिवाळ्यात एक विमान मुंबईहून पहाटे २ वाजता निघाले आणि १० तासांनी लंडनला पोचले. मुंबईत तेव्हा दुपारचे १२ वाजले असतील. लंडनच्या घड्याळात मात्र सकाळचे साडेसहा. तिकिटावर वाचणाऱ्याला वाटेल, प्रवास साडेचार तासांचाच आहे. उलट लंडनहून रात्री १० वाजता निघालेले विमान ९ तासांनी मुंबईस पोचते तेव्हा येथे दुपारचे साडेबारा वाजलेले असतात. तिकिटावर साडेचौदा तास दिसतात.

याचे कारण आपण अकरावी-बारावीतच शिकलो आहोत. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटे. भारताची प्रमाण वेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखावृत्तावरून ठरली आहे. ८२.५ ला ४ ने गुणले की ३३० मिनिटे, म्हणजेच ग्रीनिचपेक्षा साडेपाच तास पुढे. इंग्लंडमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत घड्याळे एक तास पुढे करतात, त्या काळात हा फरक साडेचार तासांचा होतो.

येथे एक स्थानिक गोष्ट सांगण्यासारखी आहे. मुंबईचे स्वतःचे रेखांश धरले तर तिची खरी स्थानिक वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे येते, भारतीय प्रमाण वेळेच्या ३९ मिनिटे मागे. १९०६ साली प्रमाण वेळ लागू झाली तरी मुंबई शहराने आपली ही 'बॉम्बे टाइम' पुढे १९५५ पर्यंत सोडली नव्हती. म्हणजे १९४८ साली मुंबई-लंडन विमानसेवा सुरू झाली तेव्हा मुंबईत दोन वेळा नांदत होत्या. वेळ ही निसर्गाने दिलेली असली तरी घड्याळ हे माणसांनी आपसांत ठरवलेले असते, याचे यापेक्षा चांगले उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

तिकिटावरून प्रत्यक्ष प्रवासकाल काढण्याची एक सोपी युक्ती आहे. जाण्याचे दिसणारे तास आणि येण्याचे दिसणारे तास यांची बेरीज करावी. वरच्या उदाहरणात साडेचार आणि साडेचौदा मिळून १९. प्रत्यक्षातही १० आणि ९ मिळून १९ च. घड्याळांचा फरक एकदा वजा आणि एकदा अधिक होऊन आपोआप निघून जातो.

५. सरळ वाट आणि बंद दारे

दुसऱ्या भागात दोऱ्याखालच्या देशांची यादी दिली होती. त्या यादीतच या मार्गाची खरी अडचण आहे. ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीचा जो करार झाला, त्याच्या पहिल्याच कलमात प्रत्येक राष्ट्राची आपल्या भूमीवरील आकाशावर पूर्ण व एकमेव सत्ता मान्य केलेली आहे. आकाशाला कुंपण नाही, असे कवी म्हणोत. कायद्याने ते आहे.

२७ फेब्रुवारी २०१९ रोजी, बालाकोटच्या हवाई हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी, पाकिस्तानने आपले आकाश बंद केले. ते पूर्णपणे खुले व्हायला १६ जुलै २०१९ उजाडला. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि त्याच दिवशी युक्रेनचे आकाश नागरी विमानांना बंद झाले. पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय विमानांना आपल्या हद्दीत बंदी केली, भारतानेही काही दिवसांत तसेच केले, आणि ही मुदत दोन्ही बाजूंनी महिन्यामागून महिने वाढवली गेली. जून २०२५ मध्ये इस्रायल-इराण संघर्षात इराणचे व आसपासचे आकाश काही काळ बंद झाले. आपल्या दोऱ्यावरचे कराची, इराण, युक्रेन हे तिन्ही टप्पे या यादीत आहेत.

मग विमाने काय करतात? वळसा घालतात. अरबी समुद्रावरून आखाताकडे, तेथून पश्चिमेला आणि मग युरोपात. वळसा समजा ४५० किलोमीटरचा पडला तर ताशी ९०० च्या वेगाने अर्धा तास वाढतो. विमानात इंधन अधिक घ्यावे लागते. ते इंधन वाहून नेण्यासाठी आणखी थोडे इंधन लागते. भाडे वाढते. दोन शहरांच्या मधले अंतर एक मिलिमीटरही बदललेले नसते. तरी ती एकमेकांपासून लांब जातात.

वळसा आणि जवळची वाट यांचा हा खेळ जुनाच आहे. सुएझ कालव्यापूर्वी लंडन-मुंबई सागरी प्रवास आफ्रिकेला वळसा घालून सुमारे १९,८०० किलोमीटरचा होता. १८६९ मध्ये कालवा खुला झाल्यावर तो सुमारे ११,६०० किलोमीटरवर आला. त्याच मार्गाने आपल्याकडचे कितीतरी विद्यार्थी बोटीने विलायतेला गेले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२० साली अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करण्यास पुन्हा लंडनला गेले, तेही समुद्रमार्गेच. त्याआधी १९१७ साली परतताना त्यांनी आपले ग्रंथ व सामान ज्या बोटीने पाठवले होते, ती बोट युद्धात पाणतीराने बुडवली गेली. शिकण्यासाठी लांब गेलेल्या माणसाच्या वाटेत युद्ध कसे आडवे येते, हे तेव्हाही दिसले आणि आजही दिसते.

हवाई मार्गाची कथाही कराचीपासूनच सुरू होते. लंडनहून विमानाने येणारे टपाल कराचीस उतरत असे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी पस मॉथ नावाच्या एका इंजिनाच्या छोट्या विमानातून ते कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू विमानतळावर आणले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. लंडन-मुंबई बृहद्वृत्त कराचीजवळून जाते हे आपण पाहिलेच. त्या वेळी मधे सरहद्द नव्हती आणि टपाल जवळपास दोऱ्यावरूनच आले.

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीचे विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. या तीन टप्प्यांची बेरीज सुमारे ७,९०० किलोमीटर भरते, म्हणजे सरळ वाटेपेक्षा ७०० किलोमीटर जास्त. त्या विमानाचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास. म्हणजे केवळ हवेतच सुमारे सोळा तास, मुक्काम वेगळे. १९६० पासून बोइंग ७०७ ही जेट विमाने आली आणि वेग जवळजवळ दुप्पट झाला. त्यानंतरच्या साठाहून अधिक वर्षांत प्रवासी विमानाचा वेग मात्र फारसा वाढलेला नाही. थांबे गेले, हे खरे. परंतु वळसे राहिले.

६. विमानतळापासून विमानतळापर्यंत आणि घरापासून घरापर्यंत

येथवर आपण दोन विमानतळांमधील वेळेचा विचार केला. पण कुणीही मनुष्य विमानतळावर राहत नाही.

आमचा एक चुलत दादा लंडनमध्ये एका रुग्णालयात परिचारक आहे. आमचे गाव माण तालुक्यात, मुंबईपासून रस्त्याने सुमारे ३०० किलोमीटर. तो प्रथम गेला तेव्हा काकूंना त्याने सांगितले होते, "नऊ तासांत घरी येतो बघ, पुण्याहून आल्यागत." काकूंनी ते नऊ तास मनात धरून ठेवले. गेल्या जानेवारीत एका गुरुवारी रात्री ९ वाजता काका गेले. त्याच वेळी दादाला फोन लागला. तेथे तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते. त्या रात्रीच्या विमानात जागा मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी १० वाजताचे तिकीट मिळाले, तेव्हा आपल्याकडे शुक्रवारचे साडेतीन वाजले होते. ९ तासांनी, मध्यरात्रीनंतर साडेबाराला, तो मुंबईस उतरला. बाहेर पडून गाडी मिळेपर्यंत २ वाजले. घाट, रस्त्याची कामे आणि वाटेतले थांबे धरून घरी पोचला तेव्हा शनिवारचे सकाळचे ९ झाले होते.

गुरुवारी रात्री ९ ते शनिवारी सकाळी ९. छत्तीस तास. त्यांपैकी विमानातले नऊ, म्हणजे बरोबर एक चतुर्थांश. शुक्रवारी दिवस मावळेपर्यंत थांबून गावकऱ्यांनी काकांना अग्नी दिला होता. धाकट्या भावाने पाणी पाजले.

दहाव्या दिवशी काकूंनी मला विचारले, "तू कॉलेजात हेच शिकतोस ना? मग सांग, नऊ तासांचं अंतर दीड दिवसाचं कसं झालं?" घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. असा प्रश्न मलाच विचारला जाणार. मी जमिनीवर खडूने रेघ काढली. रेघेचे चार सारखे भाग केले. एक भाग विमानाचा, असे दाखवले. उरलेल्यांपैकी दोन भागांहून फक्त अर्ध्या तासाने जास्त, एवढा वेळ तिकीट आणि विमानाची वाट पाहण्यात गेला. बाकीचा विमानतळाबाहेर पडण्यात आणि रस्त्यात. काकूंनी रेघेकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, "म्हणजे पोरानं उशीर केला नाही." मी म्हटले, "नाही केला." भूगोलाचा इतका थेट उपयोग मला पूर्वी कधी माहीत नव्हता.

या हिशोबातून आणखी एक गोष्ट दिसते. लंडन ते मुंबई या ७,२०० किलोमीटरना ९ तास लागले. मुंबई ते आमचे गाव या ३०० किलोमीटरना ७ तास. पहिला वेग ताशी ८०० किलोमीटर, दुसरा ताशी ४३. विमानाचा वेग उद्या दुप्पट झाला तरी छत्तीस तासांतून साडेचारच तास वाचतील. घाटातला रस्ता नीट झाला आणि तातडीच्या प्रवाशाला त्याच दिवशी जागा मिळाली, तर याहून पुष्कळ अधिक वाचतील. प्रगतीचे मोजमाप आपण बहुधा वाटेच्या सर्वांत वेगवान तुकड्यावरून करतो. माणसाची वाट मात्र सर्वांत मंद तुकड्यांनी ठरते.

७. समारोप

वरील विवेचनाचे सार असे सांगता येईल. दोन विमानतळांमधील अंतर हे पृथ्वीने ठरवलेले असते. ते दोऱ्याने मोजता येते व बदलत नाही. प्रवासाचा वेळ मात्र अनेकांच्या हातांत असतो : काही भाग वाऱ्याच्या, काही यंत्राच्या, काही राष्ट्राराष्ट्रांतील संबंधांच्या, आणि शेवटचा, बहुधा सर्वांत मोठा, आपल्या रस्त्यांच्या व व्यवस्थांच्या. घड्याळातील फरक तर केवळ दिसण्यापुरता. म्हणून 'किती लांब आहे?' या प्रश्नाला एक आकडा सांगून थांबणे भूगोलाच्या विद्यार्थ्याला शोभणारे नाही. त्याने विचारावे : कोणत्या दिशेने, कोणत्या ऋतूत, कोणत्या वर्षी आणि कोणाच्या दारापासून कोणाच्या दारापर्यंत?

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरचे कोणी ना कोणी आता दूर आहे. कुणाचा भाऊ आखातात, कुणाची बहीण पुण्या-बंगळूरला, कुणाचे वडील मुंबईच्या गिरणगावात राहून गेलेले. अशा एखाद्या वाटेचा हिशोब प्रत्येकाने स्वतः करून पाहावा, अशी माझी विनंती आहे. साधने फार लागत नाहीत. भूगोल विभागातील पृथ्वीगोल दुपारच्या सुटीत रिकामाच असतो. दोरा मात्र घरून आणावा.